खजुरियाचं लपण

“पाखराला मोजता येत नाही, माणिक. त्याला दोनच गोष्टी कळतात. आहे, आणि नाही.”

आबांचा हा आवाज माझ्या कानात दाभणाच्या आवाजासकट आहे. जाड कापडातून दाभण ओढलं की सर्रर्र व्हायचं, आणि त्या तालावर आबा बोलायचे. उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या आमच्या घराच्या अंगणात आम्ही दोघं लपण शिवत बसलो होतो. लपण म्हणजे पाखरांचे फोटो काढायला आत दडून बसायचा लहानसा तंबू. कापड भैरवगढच्या छिप्याकडून मुद्दाम छापून आणलेलं. सगळं गाव त्याच्याकडे फुलं-वेली छापून घ्यायचं. आबांनी त्याला सांगितलं होतं, वाळकं गवत छाप, चिखल छाप, बाभळीची साल छाप. छिपा म्हणे पोट धरून हसला होता.

“एकटा माणूस लपणात शिरताना पाखरं बघतात,” आबा सांगत होते. “त्यांना कळतं, आहे. मग बसा दिवसभर माश्या मारत. म्हणून दोघांनी शिरायचं आणि एकानं बाहेर पडायचं. चोरासारखं नाही, चांगलं दिसेल असं. गाणं म्हणत, हात हलवत. पाखरांना वाटतं, आलेलं गेलं. नाही. मग ती बिनघोर उतरतात.”

“आणि आत राहिलेला?”

आबांनी दाताने दोरा तोडला. “तो तेवढ्यापुरता नसतोच,” म्हणाले, आणि हसले.

त्याच हिवाळ्यात आबा नाहीसे झाले.

झालं ते एवढंच. खजुरिया गावाच्या तलावावर सारसांची एक जोडी नाचते, तिचा फोटो आबांना हवा होता. पहाटे ते आणि त्यांचे धाकटे भाऊ, गोपाळकाका, निघाले. बाहेर पडायचं काम नेहमी काकांचं. दुपारी काका एकटे परत आले, गळ्यात आबांचा कॅमेरा. सांगितलं, काम आटोपून दोघं बाहेर आलो, दादा हातपाय धुवायला नदीकडे गेला, तो आलाच नाही. भोयांनी क्षिप्रेत जाळी टाकली. विहिरी पाहिल्या. कासवं निघाली, एक पितळी घंटा निघाली, आबा निघाले नाहीत.

तेव्हा उज्जैन ग्वाल्हेर संस्थानात होतं. मग स्वातंत्र्य आलं, संस्थान गेलं, मध्य भारत नावाचं राज्य झालं, आणि यंदा नोव्हेंबरात तेही संपलं. पाटीवरचं पुसून नवं लिहावं तसं आमच्या गावाचं राज्य दोनदा पुसलं गेलं, पण आईच्या कपाळावरचं कुंकू होतं तिथेच होतं. आता मात्र जयंतचं, माझ्या भावाचं, ऑफिस भोपाळला हललं होतं आणि आम्ही सगळेच निघणार होतो. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत. गुरुजींनी त्यासाठी क्षिप्रेकाठचा सिद्धवटाचा घाट आणि येती अमावस्या नक्की केली. त्यानंतर आईने कुंकू लावायचं नाही.

आई भांडली नाही. एवढंच म्हणाली, “नदीत गेले असते तर नदीने दिले असते. क्षिप्रा कुणाचं ठेवून घेत नाही. गोपाळभावजींनी माझ्या डोळ्यांत बघून सांगावं, की ते गेले. मी त्याच क्षणी पुसते.”

आणि गोपाळकाका, जे टपालाच्या ऑफिसात अख्ख्या रांगेला हसवायचे, ते बारा वर्षांत आईच्या समोर बसले नव्हते. बाजूला बसायचे, पाठीमागून बोलायचे. चहासुद्धा दाराकडे तोंड करून प्यायचे.

म्हणून मी ठरवलं, अमावस्येच्या आधी त्यांना खजुरियाला न्यायचं. आबांचा अर्धा राहिलेला फोटो मी काढीन, आणि काकांचं अर्धं राहिलेलं बोलणं कदाचित तिथे निघेल. मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. वस्तू जिथे हरवली तिथूनच शोधायला लागावं, असं मला वाटतं.

काकांनी आधी कंबरदुखी काढली, मग थंडी, मग रजा. शेवटी मी म्हटलं, “ठीक आहे, मी एकटी जाते.”

“एकटी?” काका दचकले. “मग बाहेर कोण पडणार?”

“तेच तर!”

“तू अगदी बापावर गेली आहेस,” काका म्हणाले. “जिद्दी कहीं की.”

पहाटेच्या टांग्यात मी कॅमेरा मांडीवर घेऊन बसले होते आणि मला अक्षरशः गुदगुल्या होत होत्या. दोन भिंगांचा तो काळा डबा आबांच्यानंतर मीच जपला होता, त्याच्यावरच शिकले होते. पण घाटावरची गर्दी आणि शाळेची संमेलनं, यापलीकडे त्याने काही पाहिलं नव्हतं. आज तो पुन्हा त्याच्या कामाला निघाला होता. झाकण उघडून वरून काचेत बघायचं, काचेत जग उलटसुलट दिसतं, डावीकडचं उजवीकडे. सकाळपासून मी ते झाकण उगाचच उघडत-मिटत होते.

“ए बाई, बिजागरी तुटेल,” काका म्हणाले. “लग्नाला निघालेल्या पोरी इतक्या नटत नाहीत, जितकी तू त्या डब्याला पुसून राहिली आहेस.”

“काका, नाचतील ना हो?”

“पाखरं आहेत, सर्कस नाही. मूड असला तर नाचतील.”

भैरवगढला टांगा सोडला. नदीकाठी छिप्यांची कापडं रात्रभर दवात पडलेली, धुक्यातून लाल तेवढा दिसत होता, बाकी रंग अजून उठले नव्हते. पुढे पायवाट. हरभऱ्याच्या शेतातून जाताना पायाला आंब, पानांवरचं ते आंबट दव, लागून पोटऱ्या चुरचुरल्या. टिटवीने आमची वर्दी आधीच देऊन टाकली. आणि मग धुक्याच्या आतून, तलावाच्या अंगाने, ती हाक आली.

सारसांची हाक ज्याने ऐकली नाही त्याला कशी सांगू? एक हाक मारतो. ती अजून हवेत असतानाच दुसरी तिला येऊन मिळते. सुईदोऱ्यासारख्या त्या एकमेकींत शिरतात. आई जात्यावर एक ओवी म्हणायची, आबा तीच लपणातून बाहेर पडायचं गाणं म्हणून काकांकडून म्हणवून घ्यायचे.

पहाटेच्या पारी, सारसाची जोडी उभी
एकाची हाक जाई, दुजं उत्तरतं नभी

मी काकांचा हात धरून धावायलाच लागले. “हळू, हळू! भागो मत!” काका ओरडत होते, पण तेही हसत होते. बारा वर्षांनी त्यांना या वाटेवर हसताना पाहून मला वाटलं, आज सगळं होणार.

बांधावर चढलो आणि तलाव दिसला. कडेला शेकाट्यांची लांब लाल पायांची ओळ, मध्ये चक्रवाकांची नारिंगी जोडपी, आणि पलीकडच्या उथळ पाण्यात माणसाच्या उंचीचे दोन करडे सारस, लाल मानांचे. पाण्यात शिरलेल्या मातीच्या एका उंचवट्यावर तीन शिंदीची झाडं होती. आबांची जागा तीच.

“तिथे नको,” काका म्हणाले. “इकडे बांधाखाली लावू.”

“इथून ऊन तोंडावर येईल, काका. तिकडे पाठीवर राहील.”

काका माझ्यामागून आले. लपणाच्या काठ्या मात्र त्यांनी मलाच रोवायला लावल्या.

कापड ताणलं. छापलेलं गवत खऱ्या गवतात असं मिसळलं की चार पावलांवरून लपण दिसेना. आम्ही दोघं आत शिरलो. पाखरं उठली, एक गिरकी घेऊन दूर बसली. काकांनी घसा साफ केला आणि मोठ्याने ओवी म्हणत, टोपी हलवत, बाहेर पडले आणि बांधाकडे चालू लागले. फटीतून मी पाहत होते. सारसांच्या माना काकांच्या मागे मागे वळत गेल्या, काका बांधाआड होईपर्यंत. अगदी आबांनी सांगितलं होतं तसं. मी कॅमेऱ्याचं झाकण उघडलं.

मग त्या माना परत आल्या. लपणावर येऊन थांबल्या. आणि तिथेच राहिल्या.

पाखरं उतरेनात. ऊन शिंदीच्या शेंड्यावरून बुंध्यापर्यंत आलं, तरी सारस तसेच उभे, माना ताठ.

मी रुमाल हलवला. काका आले, पुन्हा आत शिरले, पुन्हा गात बाहेर गेले. पुन्हा माना त्यांच्याबरोबर गेल्या. पुन्हा परत आल्या.

मला वाटलं, माझी चूक होत असणार. कापड हलत असेल, कॅमेऱ्याची काच चमकत असेल. विज्ञानाच्या बाईने करायचं ते मी केलं. या वेळी काकांबरोबर मीही बाहेर पडले. दोघं बांधावर जाऊन बसलो. लपण रिकामं. आता पाखरं यायलाच हवीत.

ती आली नाहीत. शेकाट्या अंतर ठेवून चरत राहिल्या. त्या उंचवट्याभोवती, गोफणीचा दगड जाईल एवढं पाणी सगळ्यांनी मोकळं सोडलं होतं. आणि दोन्ही सारस रिकाम्या लपणाकडे बघत होते.

“असं का करतात?” मी विचारलं.

काकांच्या हातात विडी होती, पेटवायची राहिलेली. “चल, माणिक. घरी चल. वहिनी वाट पाहत असतील.”

“पण रिकामं आहे ना ते?”

“चल म्हणतो ना!”

काका माझ्यावर कधी ओरडले नव्हते. मला भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगते, मला त्या क्षणी भीतीपेक्षा कसली तरी अनावर घाई झाली. कुठल्या तरी घराच्या दारापर्यंत येऊन कडी हाताला लागावी, तशी. मी कॅमेरा उचलला.

“मी एकदा जाऊन येते. तुम्ही येताय?”

काकांनी मान हलवली. नाही.

“मग एकटी जाते.”

“एकटी गेलीस तर कुणी बाहेर पडणार नाही. पाखरं उतरायची नाहीत.”

“नाही उतरली तर नाही.”

मी एकटी गेले. सारसांनी मला जाताना पाहिलं. मी आत शिरून कापड ओढून घेतलं आणि गुडघ्यांवर बसले.

आत मघापेक्षा ऊब होती. उन्हाची असेल. मघाशी मी आणि काका जिथे बसलो होतो तिथलं गवत दबलेलं होतं. त्याच्या डाव्या बाजूलाही दबलेलं होतं. कापडाला दवाचा वास येत होता, चिखलाचा, आणि किंचितसा लवंगेचा. आबा दाढेखाली लवंग धरायचे. मी स्वतःला सांगितलं, जुनं कापड आहे, वास धरून ठेवतं.

मग आठवलं. आबांचं कापड त्यांच्या माघारी भैरवगढच्या देवळात दिलं होतं. हे मी गेल्या महिन्यात नवीन छापून घेतलं होतं.

मी डावीकडे पाहिलं नाही. समोर पाहत राहिले. फटीतून सारस माझ्याकडे बघत होते. माझ्याकडे नाही. माझ्या डावीकडे, थोडं वर. बसलेल्या उंच माणसाचं डोकं जिथे येईल तिथे.

मला बोलायचं नव्हतं. पण तोंडून निघून गेलं, स्वयंपाकघरातून हाक मारावी इतकं साधं.

“आबा, चला. घरी चला. आई थांबली आहे.”

कापड हललं. वारा नव्हता.

सारसांच्या माना हलल्या.

काचेत त्या डावीकडे वळताना दिसल्या, म्हणून मी डोकं वर करून फटीतून खात्री केली. उजवीकडेच. बांधाकडे. हळूहळू. चालत्या माणसाच्या गतीने.

शेकाट्यांनीही माना वळवल्या.

आणि दूर जाणारं गुणगुणणं ऐकू आलं. ओवीची दुसरी ओळ. काका गात असतील, मी म्हटलं.

माना बांधापर्यंत गेल्या. थांबल्या. खाली आल्या.

तलावाने सुटकेचा श्वास टाकावा तसं झालं. सगळं पाणी एकदम हललं. शेकाट्या किलबिलत उंचवट्याला भिडल्या, चक्रवाक तरंगत जवळ आले, आणि ते दोन सारस लांब लांब ढांगा टाकत सरळ माझ्यासमोर. इतके जवळ की पापणी दिसली! नराने पंख उघडले. मादीने मान झुकवली. मग तो उडाला, जागच्या जागी, ती उडाली, त्याने चोचीने गवताची काडी हवेत फेकली, ती झेलली, दोघांच्या पायांनी पाणी उधळलं, आणि त्या पाण्यातून ऊन फुटलं. मी खटका दाबत होते, फिरकी फिरवत होते, दाबत होते. मी रडत होते आणि हसत होते. रोल संपला तरी माझं बोट थांबेना. आबा, बघा. आबा, नाचले.

फिरकी नुसतीच फिरायला लागली तेव्हा मी भानावर आले.

मी लपणात एकटी शिरले होते. मग पाखरांनी बाहेर पडताना कुणाला पाहिलं?

बांधावर काका उभेच होते. मी धापा टाकत म्हटलं, “काका, नाचले! तुम्ही गायलात ते बरं झालं.”

“मी गायलो नाही,” काका म्हणाले. त्यांनी माझ्या मागे, मग स्वतःच्या बाजूला पाहिलं. “तू आत काय बोललीस?”

मी सांगितलं. काकांनी टोपी काढली, हातात धरली, आणि परत डोक्यावर ठेवली नाही.

लपण मी एकटीनेच सोडवलं. टांग्यात काका पुढे टांगेवाल्याजवळ बसले. मागची अख्खी बैठक माझी होती, तरी मी एका कडेला अंग चोरून बसले. का, ते मला सांगता येणार नाही.

घरी पोचलो तेव्हा आई रोजच्यासारखी अंगणात चिमण्यांना कण्या टाकत होती. भिंतीवर चिमण्यांची झुंबड. आम्ही फाटकातून आत आलो तशा त्या भुर्रकन उडून पुन्हा भिंतीवर बसल्या. हे रोजचंच. माणसं आत गेली की उतरतात.

“झाला का फोटो?” आईने विचारलं. आमची तोंडं पाहिली आणि आत गेली. गूळ आणि पाणी आणलं. आम्ही तिघं आतल्या खोलीत बसलो. दारातून अंगण दिसत होतं, कण्या पांढऱ्या चमकत होत्या.

गोपाळकाका आईच्या समोर बसले होते. बाजूला नाही, समोर. जयंत भोपाळहून कधी येणार, गुरुजींना काय दक्षिणा द्यायची, आई काहीबाही बोलत राहिली. मग बोलता बोलता थांबली.

“आज चिमण्यांना काय झालंय गं? आपण तर सगळे आत आहोत.”

मी पाहिलं. भिंतीवर चिमण्या ओळीने बसल्या होत्या, एक म्हणून आवाज नाही. इवल्या माना ताणलेल्या. सगळ्या एकाच जागेकडे बघत होत्या, तुळशीशेजारच्या रिकाम्या ओट्याकडे. लपण शिवताना आबा तिथे बसले होते.

“वहिनी,” काका म्हणाले. त्यांनी आईच्या डोळ्यांत पाहिलं. “दादा नदीवर गेलाच नव्हता. मी त्याला आत ठेवून बाहेर पडलो, रोजच्यासारखा. दुपारपर्यंत पाखरं उतरली नाहीत, म्हणून बघायला गेलो. कॅमेरा होता, चपला होत्या, दादा नव्हता. पण पाखरं त्या रिकाम्या लपणाकडे बघतच होती, वहिनी. मला कळलं होतं तो तिथेच आहे. मी चपला पाण्यात टाकल्या आणि पळालो. नदीचं मी रचलं.”

आईचा हात कपाळाकडे गेला आणि कुंकवाला न शिवता तिथेच थांबला.

“नुसतं ‘चल’ म्हणायचं होतं,” काका म्हणाले. “मला भीती वाटली, तो खरंच येईल म्हणून. आज माणिकने म्हटलं.”